सात नंबरचा कारखाना

फ्लेक्स आला तो फाटकापेक्षा हातभर मोठा निघाला. सुहास मोहिते गुरुजींनी तो तसाच बांधायला लावला. डावीकडची दोरी आंब्याला गेली, उजवीकडे जागा उरली नाही म्हणून ती कारखान्याच्या पाटीवरून ओढून घेतली. 'अभय काजू प्रक्रिया, देवरूख' यातलं 'अभय का' एवढंच दिसत राहिलं. 'डॉ. दीक्षा सुहास मोहिते यांचे हार्दिक अभिनंदन' हे मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनाही वाचता येत होतं.

"बाबा, पाटी झाकली गेली," तेजल म्हणाली.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि तुझा कारखाना काय, सगळ्यांना माहीतच आहे."

अभयकाका गेले तेव्हा तेजल तेवीस वर्षांची होती, बी.कॉम. पहिल्या वर्गात पास. काकांनी मुंबईची नोकरी सोडून उभा केलेला हा कारखाना बंद करायचा की चालवायचा, असा प्रश्न घरात आला आणि तो तिच्याकडे बघून सुटला. त्याच जूनमध्ये धाकटी बहीण दीक्षा कॉलेजसाठी मुंबईला गेली. त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या फाटकावर तेजलच्या नावाचं साधं कागदी तोरणही कोणी लावलेलं नव्हतं. असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटे, आणि तरी ते येत राही.

दीक्षाची गाडी साडेअकराला आली. ती काम करत होती त्या पुण्याच्या संस्थेची गाडी, सोबत ड्रायव्हर. ती उतरली आणि घराकडे न जाता सरळ सोलणीच्या शेडकडे गेली, कारण आतून आईचं हसणं ऐकू येत होतं.

आत चौदा बायका ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात आई, मथुराबाई. आईला इथं येऊन बसायची गरज नव्हती. ती हौसेनं येई. वाफवून फोडलेल्या काजूवरची तांबडी साल अंगठ्याच्या नखानं काढता काढता ती शेजारच्या तुळसाला कसली तरी गंमत सांगत होती. दीक्षानं आईला इतकं मोकळं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. ती दारात थांबली.

आईचं लक्ष गेलं. ती चटकन उठली, पदराला हात पुसले.

"आलीस गो? चल, चल, घरात चल. हितं कपडे खराब होतील."

"बस ना आई. मीपण बसते."

"नको नको. तू काय बसतेस हितं."

घरात सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा मिळाला आणि दीक्षाला कपबशीतून. ती बशी हातात धरून बसली. समोर ओट्याशी आई आणि तेजलताई एकमेकींकडे न बघता काम करत होत्या. एकीनं हात पुढे केला की दुसरी तिला हवं ते भांडं देई, शब्द न बोलता. दीक्षाला वाटलं, माझ्या सगळ्या पदव्या एका बाजूला ठेवल्या तरी मला आई अशी न बोलता भांडं देणार नाही.

*

जेवायला घरचीच माणसं होती. ओल्या काजूगरांची उसळ, भाकरी, सोलकढी आणि गुरुजींच्या हट्टाखातर श्रीखंड. तेजल आणि तिचा नवरा विनीत वाढत होते. विनीत देवरूखच्या डेपोत कंडक्टर. दर रविवारची ड्युटी बदलून तो बायकोच्या कारखान्यातली वजनं बघायचा.

गुरुजींनी जेवणाआधीच दीक्षाच्या पीएच.डी.च्या अभ्यासातून झालेल्या अहवालाची प्रत सगळ्यांच्या हातून फिरवली होती. 'थांबण्याची किंमत' असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली लहान अक्षरांत 'रत्नागिरी जिल्ह्यातील काजूप्रक्रिया, बाजारभाव आणि पतपुरवठा'. उद्या सोमवारी रत्नागिरीत जिल्ह्याच्या समितीपुढे ती तो मांडणार होती. काजूसाठी सरकारी पैशातून पहिलं सामाईक गोदाम कुठं बांधायचं, ते त्या बैठकीत ठरायचं होतं.

"आता सोप्या भाषेत सांग एकदा," गुरुजी म्हणाले. "विनीतरावांना कळेल असं."

विनीत गालातल्या गालात हसला. दीक्षाला बाबांचं बोलणं टोचलं, पण तिनं सांगितलं.

"एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो. त्यातच आफ्रिकेतून आलेली कच्ची काजूबी बंदरात उतरते, तो आणखी पडतो. दिवाळीच्या आधी गराला चांगला भाव येतो. पण तोपर्यंत थांबतं कोण? ज्याच्याकडे गोदाम आहे आणि ज्याला बँक मालावर कर्ज देते तो. लहान कारखानदार थांबू शकत नाही, म्हणून तो लहानच राहतो. माझं म्हणणं, गोदाम लहान कारखाने जिथं जास्त आहेत तिथं, म्हणजे आपल्या संगमेश्वर तालुक्यात व्हावं. माल तिथं ठेवायचा, पावती घ्यायची, त्या पावतीवर बँकेनं पैसे द्यायचे."

"बघा!" गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "वीस वर्षं ही पोर काजू फोडतेय, पण असा विचार केलान कधी?"

ही पोर म्हणजे तेजल. तिच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"वीस वर्षं मी हेच बोलतेय बाबा. ह्याच ओट्यावर बसून. दीक्षा कॉलेजात होती तेव्हापासून."

"तू बोलतेस गो, पण लिहिलं तिनं ना?"

विनीत जेवायला बसला नव्हता. तो खिडकीशी उभा राहून अहवाल चाळत होता. चौथ्या प्रकरणावर त्याचं बोट थांबलं आणि त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'कारखाना क्रमांक सात. मालक महिला. चौदा कामगार, वाफेचा बॉयलर. पाहणीच्या वर्षी मालकानं हंगामातला सर्व गर अकरा एप्रिलला एकाच व्यापाऱ्याला, बाजारभावापेक्षा कमी दरानं विकला. माल राखून ठेवण्याची क्षमता असतानाही व्यापाऱ्याशी असलेले वैयक्तिक संबंध आणि नियोजनाचा अभाव यांमुळे लहान उद्योग कसे तोट्यात जातात, याचं हे ठळक उदाहरण आहे.'" त्यानं वर पाहिलं. "दीक्षा, जिल्ह्यात बाईमाणूस मालक आणि वाफेचा बॉयलर असे कारखाने किती?"

दीक्षाचा घास हातातच राहिला.

"नाव कुठंच दिलेलं नाही, भाऊजी. संशोधनात तसंच असतं."

"किती आहेत, ते विचारलं मी."

"एक," तेजल म्हणाली.

तेजलनं विनीतच्या हातून अहवाल घेतला, ते पान स्वतः वाचलं. मग मागे गेली, पहिल्या पानांकडे. दोन हिवाळे तिनं दीक्षाला स्कूटरवर मागे बसवून लांजा, राजापूर, पाचल, साखरपा असं फिरवलं होतं. अडतीस कारखाने. अनोळखी बाईला कोणी भाव सांगत नव्हतं. तेजल पुढे झाली, चहा झाला, मग माणसं बोलायला लागली. आभाराच्या पानावर गाईडचं नाव होतं, संस्थेचं होतं, जर्मनीतल्या दोन प्राध्यापकांची होती. शेवटच्या ओळीत 'आणि माझे कुटुंबीय'.

"नियोजनाचा अभाव," तेजल म्हणाली. "चांगला शब्द आहे."

"ताई, ते तुझ्याबद्दल नाही. ते एक उदाहरण..."

"माझंच उदाहरण ना?"

"तेजल," गुरुजींनी आवाज चढवला. "आज तिचा दिवस आहे. अभ्यासात खरं लिहावं लागतं. तू विकलास का नाही अकरा तारखेला?"

"विकला."

"मग झालं तर."

मथुराबाईंनी मान खाली घातली. भाकरीचा तुकडा त्यांच्याच्यानं मोडेना. तीन वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये गुरुजींना छातीत कळ आली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी चार दिवसांत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. दीक्षा सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेलेली. तिला कळवलं असतं तर सगळं टाकून आली असती. मथुराबाईंनीच तेजलचा हात धरून सांगितलं होतं, तिला आत्ता कळवू नको आणि ह्यांना पैशाचं कळू देऊ नको, ह्यांना सोसायचं नाही. तेजलनं शेडमधले सगळे डबे एका दुपारी रत्नागिरीचे व्यापारी गुरुप्रसाद रेडीज यांच्या टेम्पोत चढवले. गुरुजींना सांगितलं, ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. ते अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या योजनेचं कौतुक सांगत.

आता बोलावं, असं मथुराबाईंना वाटलं. पण श्रीखंडाची वाटी पुढे घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि तोंड उघडेना. त्यांनी तेजलकडे पाहिलं. तेजल त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिनं हळूच मान हलवली: नको.

ती मान हललेली दीक्षानं पाहिली. म्हणजे या दोघींमध्ये पुन्हा काहीतरी होतं, आणि ते पुन्हा तिच्यासाठी नव्हतं.

*

संध्याकाळी गुरुप्रसाद रेडीजांचा फोन आला. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची मोठी वखार होती आणि आफ्रिकेची बी तेच आणत.

"तेजलताई, समितीकडे आलेला अहवाल वाचला. वाईट वाटलं हो. सख्ख्या बहिणीनं असं लिहावं?"

"तुम्हाला काय हवंय?"

"मला काय हवं असणार! उद्या बैठकीला या. उठून एवढंच सांगा, सात नंबर माझा आणि त्यातलं लिहिलेलं चुकीचं आहे. एक उदाहरण खोटं ठरलं की बाकीच्यावर कोण विश्वास ठेवतो? गोदाम आमच्याकडे वसाहतीत होईल. तुमचा माल मी ठेवून घेईन ना. आपले संबंध आहेतच."

तेजलनं फोन ठेवला. विनीत अंगणात बसून ऐकत होता.

"जा तू," तो म्हणाला. "तिला एकदा कळू दे. बाबांसमोर कळू दे."

तेजल भांडी घासायला बसली. तिनं मनातल्या मनात उद्याची बैठक उभी केली. दीक्षा माईकपाशी, हातात कागद, आणि आपण मागून उठतोय. दीक्षाचा चेहरा उतरतोय. बाबा पहिल्या रांगेत, त्यांची मान वळतेय. हे चित्र तिला इतकं गोड लागलं की ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिली.

*

सभागृहात दोनेकशे माणसं होती. कारखानदार, बागायतदार, बँकांचे अधिकारी. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. दीक्षाच्या संस्थेच्या गाडीतून ते पहाटेच निघाले होते. तेजल आपला टेम्पो घेऊन एकटी आली, मागच्या दाराशी बसली.

दीक्षा चांगली बोलली. आकडे तिनं थोडे सांगितले, माणसं जास्त सांगितली. बँकवालेही वही उघडून लिहीत होते. ती थांबली तेव्हा टाळ्या झाल्या आणि मग गुरुप्रसाद रेडीज उठले.

"मॅडमचा अभ्यास मोठा आहे, मला त्यातलं काय कळणार! पण माझा एक बाळबोध प्रश्न आहे. चौथ्या प्रकरणात त्याच लिहितात, सात नंबरच्या कारखान्याची माल ठेवायची ताकद होती, तरी ठेवला नाही. सवय नाही, नियोजन नाही. मग अध्यक्षबाई, संगमेश्वरात गोदाम बांधून त्यात ठेवणार कोण? रिकामं राहील ते. ज्यांना माल सांभाळायची सवय आहे त्यांच्याजवळ बांधा. की सात नंबरचं लिहिलेलं खोटं आहे?"

असं बोलून त्यांनी वळून मागच्या दाराकडे पाहिलं.

दीक्षानं माईक हातात घेतला. तिलाही मागं बसलेली ताई दिसली, आणि ताई उठून उभी राहत होती.

"सात नंबरचा कारखाना माझा आहे," तेजल म्हणाली. माईक नव्हता, पण आवाज पोचला. "तेजल कांबळे, देवरूख. त्यात लिहिलंय ते खरं आहे. अकरा एप्रिलला मी सगळा माल विकला. ह्यांनाच विकला. कमी दरानं विकला."

रेडीज हसत होते ते थांबले.

"पण का विकला, ते त्यात नाही. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, चौदा तारखेला. माझ्या शेडमध्ये ऐंशी डबे भरून ठेवलेले होते. मी तीन बँकांत गेले. गर तारण ठेवून कर्ज द्यायला एकही तयार झाली नाही. एक साहेब म्हणाले, बाई, काजू काय सोनं आहे का? त्या दिवशी मला कोणी त्या डब्यांची पावती दिली असती आणि पावतीवर पैसे दिले असते, तर मीपण दिवाळीपर्यंत थांबले असते. ह्या अहवालात जे मागितलंय ते एवढंच आहे. सवय नाही म्हणता? थांबायची सवय आम्हाला आहे हो. सोय नाही."

ती बसली. तिला वाटलं होतं तसं गोड काही लागलं नाही.

पहिल्या रांगेत गुरुजी हळूहळू मागे वळले. त्यांचा हात सदऱ्यावर, छातीच्या मध्यावर गेला होता, जिथं आत शिवण होती. ते तेजलकडे बघत राहिले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण इतक्या लांबून ते ऐकू येणार नव्हतं.

दीक्षा व्यासपीठावरून हे बघत होती. बाबांचे डोळे भरलेले तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि ते ताईसाठी भरले होते. तिला पहिल्यांदा जे जाणवलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस शरम वाटली: मी इथं उभी असताना ते तिच्याकडे बघतायत. त्यानंतर बाकीचं मनात उतरलं. चौदा एप्रिल. ऑपरेशनची तारीख तिला जर्मनीहून परत आल्यावर कळली होती. विक्रीची तारीख तिनं स्वतः लिहून घेतली होती. दोन्ही तारखा इतके दिवस तिच्याजवळ होत्या आणि तिनं त्या शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"मॅडम," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे तुमच्या पाहणीत कसं आलं नाही?"

दीक्षाला तीन उत्तरं सुचली. नमुना, प्रश्नावली, मर्यादा. सभागृहात तिचे दोन सहकारी बसले होते.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "कारण मला माहीत आहे असं धरून चालले. त्या पानावरचा निष्कर्ष चुकीचा आहे. तो मी मागे घेते आणि तसं लेखी देते. बाकीच्या सदतीस कारखान्यांची कागदपत्रं समितीनं आजच तपासावीत."

तपासली. बैठक दुपारी तीनपर्यंत चालली. पहिलं गोदाम संगमेश्वर तालुक्यात, दोन हंगाम चालवून बघायचं, असं ठरलं. पावतीवर कर्ज द्यायला एका बँकेनं होकार दिला, दुसरीनं विचार करू म्हटलं. रेडीजांनी जाताना तेजलला नमस्कार केला नाही.

*

गुरुजी संस्थेच्या गाडीत जाऊन बसले होते. त्यांना कोणाशीच बोलायचं नव्हतं. दीक्षानं ड्रायव्हरला सांगितलं, ह्यांना सावकाश घरी सोड, मी मागून येते. मग ती आवाराच्या टोकाला गेली, जिथं तेजल टेम्पोच्या मागच्या फळीची कडी लावत होती. समोर खाली खाडी दिसत होती आणि ऊन चांगलंच तापलं होतं.

"मला सांगायचं ना, ताई."

"आईनं नको सांगितलं होतं."

"नंतर तरी?"

"नंतर तू डॉक्टर झालीस."

दीक्षानं फळीवर हात टेकला. मग म्हणाली, "माझ्याकडे अडतीस कारखाने होते. त्यातले एकोणीस असेच एप्रिलमध्ये विकणारे. उदाहरण म्हणून कुठलाही घेता आला असता. गाईड म्हणालेसुद्धा, घरचा नको घेऊस. मी तुझाच घेतला."

तेजलचा हात कडीवर थांबला. "का?"

"आई तुझ्या शेडमध्ये बसते. मी आले की उठते." दीक्षाचा आवाज फाटला. "मला कुठंतरी लिहून ठेवायचं होतं की तुझंही काहीतरी चुकतं."

तेजलनं कडी सरकवून फळी बंद केली. रागवावं असं तिला वाटत होतं आणि राग यायला तयार होता. पण दीक्षानं एवढं उघड सांगितल्यावर आपलं झाकून ठेवायला तिला जमेना.

"दोन वर्षांपूर्वी तुझा तो परदेशातल्या मासिकाचा लेख परत आला होता," ती म्हणाली. "तू फोनवर रडलीस. मी तुला म्हटलं, होईल, पुन्हा पाठव."

"हो. तू एकटीच नीट बोलली होतीस माझ्याशी."

"फोन ठेवला आणि मी स्टँडवरून सगळ्या बायकांना भजी आणवली. तुळसा विचारत होती, आज काय हाय? मी म्हटलं, काय नाय, सहज."

दीक्षाला आधी कळलंच नाही. कळलं तसं तिला हसू फुटलं, तोंडावर हात धरला तरी थांबेना. मग तिनं पाहिलं, ताई हसत नव्हती. ताईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मी काल रात्रीपर्यंत तुला पाडायलाच येणार होते," तेजल म्हणाली. "आज सकाळी हातखंब्याच्या फाट्यावर वळेपर्यंत."

"मग?"

"तो रेडीज फोनवरूनच माझ्यासाठी जागा करून देत होता उठायला. मला ते आवडलं नाही." तिनं चेहरा पदरानं पुसला. "तुला पाडायचं तर माझं मी पाडीन."

ती पुढे गेली, टेम्पोचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर बँकवाल्यांना दाखवायला आणलेले गराचे दोन छोटे डबे होते. तिनं ते उचलले आणि दीक्षाकडे बघून मानेनंच बस म्हणून खुणावलं. दीक्षा चढून बसली, तसे दोन्ही डबे तेजलनं तिच्या मांडीवर ठेवले.

"धर नीट. खाली ठेवू नको, घाटात गचके बसतात. गर तुटला की त्याला आख्ख्याचा भाव येत नाही. एवढं तरी तुला सांगायला नको."

"नको," दीक्षा म्हणाली आणि दोन्ही हातांनी डबे धरून बसली.

तेजलनं टेम्पो सुरू केला.